पत्रात एकही मूल नाही

पत्र थोडक्यात : सांगलीजवळच्या गावातला ३३ वर्षांचा वाचक. शाळेपासून फुटबॉल. मिरज-कोल्हापूर पॅसेंजरनं ये-जा करत कोल्हापूरच्या एका तालमीच्या संघातून अकरा सिझन खेळला. २६व्या वर्षी गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशनसाठी आईच्या पाटल्या गहाण पडल्या, त्या सोडवायला तीन वर्षं गेली. परत मैदानात उतरला, पण ‘पहिल्यासारखा राहिलो नाही’. आज खासगी शाळेत कंत्राटी क्रीडाशिक्षक, पगार १४ हजार, शिवाय संध्याकाळी स्वतःचा छोटा कॅम्प. कोचिंगचं डी लायसन्स आहे. पत्नी मिरजेत स्टाफ नर्स, मुलगी चार वर्षांची. आता दुबईतल्या एका अकादमीत ८ ते १२ वयाच्या मुलांना शिकवायची नोकरी चालून आली आहे : महिना ४,५०० दिरहम, शेअरिंगमध्ये खोली, दोन वर्षांचा करार. ‘आधी व्हिजिट व्हिसावर या, कामाचा व्हिसा इथं आल्यावर करू’ असा निरोप आहे. एजंट दीड लाख मागतोय. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले वडील म्हणतात, ‘खेळ झाला, आता तरी एका जागी बस.’ तालमीतले मित्र म्हणतात, ‘जा लेका, नाव काढ.’ वाचकाचा प्रश्न : ‘खेळाडू म्हणून काही झालो नाही, निदान कोच म्हणून बाहेर नाव होईल. वय निघून चाललंय. जाऊ की नको?’

प्रिय मित्रा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा चहा घेता घेता, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. पाच पानांत गुडघ्याला दीड पान आहे. उपांत्य सामन्यात बारला लागून परत आलेल्या त्या फटक्याला अर्धं पान आहे. एजंटचे फोन, वडिलांचं बोलणं, मित्रांचे मेसेज, दिरहमचा हिशेब, सगळं आहे. मी पेन्सिलनं जे शोधत होतो ते मात्र सापडलं नाही. नोकरी आहे आठ-दहा वर्षांच्या पोरांना शिकवायची, आणि पत्रात एकही मूल नाही. तुम्ही रोज संध्याकाळी कॅम्प घेता. तिथं कोण डाव्या पायानं मारायला बिचकतो, कोण सारखा पाणी प्यायला पळतो, कुणाची आजी कठड्यावर बसून ‘पळ की रं’ म्हणून ओरडते, एका ओळीत तरी यायला हवं होतं. ‘मुलं’ हा शब्द एकदाच आलाय, तोही ‘मुलांचे वयोगट’ असा.

रागावू नका. मी एकतीस वर्षं साताऱ्यात पीटीचा मास्तर होतो. पहिल्या सात-आठ वर्षांत कुणी माझ्याकडून असं पत्र लिहून घेतलं असतं तर त्यातही मुलं सापडली नसती. माझी शिट्टी सापडली असती, माझ्या रांगा सापडल्या असत्या.

त्या काळातली एक गोष्ट सांगतो. बी.पी.एड.चा एक विद्यार्थी सरावपाठासाठी आमच्या शाळेत आला होता. लाजरा मुलगा, वही घेऊन आंब्याखाली बसायचा. एके दिवशी सातवीचा फुटबॉलचा तास मी घेतला. ३६ मुलं, चार रांगा, दोन चेंडू. प्रत्येकानं दोन खांबांमधून चेंडू मारायचा आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं. गडबड नाही, गोंधळ नाही. मी खूश. तास संपल्यावर त्यानं घाबरत घाबरत वही पुढं केली. एका मुलावर त्यानं पूर्ण तास नजर ठेवली होती. चाळीस मिनिटांत त्या मुलाच्या पायाला चेंडू लागला होता सात वेळा, आणि त्यातले तीन वेळा तर बाहेर गेलेला चेंडू आणून देताना. उरलेला वेळ मुलगा काय करत होता तेही लिहिलं होतं : ‘पुढच्या मुलाची कॉलर उलटी करणे, सुलटी करणे.’

मला त्या पोराचा फार राग आला होता, सरावपाठवाल्याचा. दोन दिवस बोललो नाही त्याच्याशी. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या मागं लागून आणखी सहा चेंडू मागितले. मिळाले दोन.

हे सांगायचं कारण, तुम्ही पत्रात एक गोष्ट धरूनच चालला आहात : चांगला खेळलो म्हणजे शिकवता येईलच, प्रश्न उरला तो फक्त कुठं शिकवायचं याचा. तसं नसतं. तुमचा खेळ तुमच्या पायात आहे. पाठीवर माणूस असताना चेंडू घेऊन कसं वळायचं, असं कुणी विचारलं तर तुम्ही म्हणणार ‘हे असं’, आणि वळून दाखवणार. आठ वर्षांच्या पोराला ते ‘असं’ दिसतच नाही. त्याला तुमची पाठ दिसते. शिवाय तुमचा गुडघा आणखी किती वर्षं वळून दाखवू देणार आहे? लहान मुलांचा कोच हा खेळाडूचा पुढचा मुक्काम नव्हे. तो वेगळाच धंदा आहे. काही उत्तम खेळाडूंना तो जमतो, काहींना पहिल्या महिन्यात कंटाळा येतो, आणि कंटाळा आला की ते मुलांवर ओरडायला लागतात. आपल्याकडं तेवढ्यावर भागतं, दहा फेऱ्या मारायला लावल्या तरी पालक वर म्हणतात ‘बरं केलं सर’. बाहेर नाही चालत. परदेशातल्या चांगल्या अकादमीत अंगाला हात लावणं, एकट्या मुलाला घेऊन थांबणं, शिक्षा म्हणून पळवणं यावर नोकरी जाते, आणि ते बरोबरच आहे. इंग्लंडनं २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांना सरावात हेडिंग, म्हणजे डोक्यानं चेंडू मारणं, शिकवू नये असं सांगितलं. अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंगची बंदी त्याच्याही आधीपासून आहे. कोल्हापूरच्या मैदानावर वाढलेल्या माणसाला हे ऐकून हसू येईल, मलाही आलं होतं. पण शिकवायला जायचं तर हे डोक्यात बसवून जावं लागतं.

म्हणून पहिलं काम. पुढचे सहा आठवडे तुमच्याच कॅम्पमध्ये करायचं. रोज एक मूल निवडा आणि कुणाला तरी मोजायला बसवा, मोठ्या वर्गातला एखादा मुलगा चालेल. तासाभरात त्याच्या पायाला चेंडू किती वेळा लागला? उत्तर शंभराच्या आत आलं तर तुमचा तास बदला. रांगा काढून टाका. चार विरुद्ध चार असे छोटे सामने लावा. बारा वर्षांखालच्यांना मोठ्यांचा पाच नंबरचा चेंडू देत असाल तर तो बाजूला ठेवा, चार नंबरचा आणा. आठच्या खालच्यांना तीन नंबरचा. आणि एक दिवस मोबाईल खांबाला बांधून स्वतःचा तास शूट करा, मग आवाज बंद करून बघा. मुलांचे चेहरे बघा, तुमचे हातवारे बघा. सहा आठवड्यांनी मुलांविषयी तुमच्याकडं सांगण्यासारखं काही साठलं असेल तर तुम्ही या धंद्यातले. नसेल साठलं तरी काही बिघडलं नाही. मोठ्या मुलांचा कोच, फिटनेस, रेफरी, असे रस्ते आहेत. पण मग दुबईतल्या त्या वयोगटाची नोकरी तुमच्यासाठी नाही आणि तुम्ही त्या मुलांसाठी नाही.

आता ‘नाव होईल’ याविषयी. हा शब्द पत्रात चार वेळा आलाय. जिमी होगन नावाचा एक इंग्रज होता. बर्नली, फुलहॅम, बोल्टन अशा क्लबांतून खेळला. खेळाडू म्हणून त्याला फारसं कुणी आठवत नाही. शिकवायला म्हणून तो युरोपात गेला, आणि पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा नेमका शत्रूच्या मुलखात, ऑस्ट्रियात अडकला. तिथून बुडापेस्टला गेला आणि एमटीके क्लबातल्या पोरांना चेंडू थांबवायला, पास द्यायला शिकवत युद्धाची वर्षं काढली. १९५३च्या नोव्हेंबरात हंगेरीनं वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ असं धुतलं तेव्हा हंगेरीच्या लोकांनी श्रेय दिलं ते होगनला. तोवर तो ७१ वर्षांचा झाला होता. शिकवणं आणि नाव यांच्यामध्ये पस्तीसेक वर्षं गेली, आणि मायदेशी त्याची कदर कुणी फारशी केलीच नव्हती. आपल्याला जवळचा बॉब हाऊटन घ्या, २००६ ते २०११ भारताचा कोच होता तो. खेळाडू म्हणून शून्य नाव. पण वयाच्या ३१व्या वर्षी स्वीडनच्या माल्मो क्लबाला त्यानं युरोपियन कपच्या फायनलपर्यंत नेलं होतं, १९७९ साली. म्हणजे खेळाडू म्हणून काही झालो नाही हे कोचच्या वाटेत आडवं येत नाही, आणि ३३ हे मैदानाच्या कडेनं पळणाऱ्या विंगरचं वय गेलेलं असलं तरी कोचचं जेमतेम सुरू झालंय. तेवढा दिलासा घ्या.

पण दुबईतल्या दहा वर्षांखालच्या मुलांच्या कोचला नाव मिळतं ही कल्पना कुठून आली? तुम्हाला खरं नाव होतं ते कोल्हापुरात. पेठेतली पोरं तुम्हाला टोपणनावानं हाक मारायची, शाहू स्टेडियमवर हजारो माणसं तुमच्या पासवर ओरडायची, हे तुम्हीच लिहिलंय. फुटबॉलच्या कोचिंगमध्ये यापेक्षा मोठं नाव भारतात फार थोड्यांना मिळालंय. तिकडं तुम्ही फक्त ‘कोच’ असाल. अमिरातीत दहातली जवळजवळ नऊ माणसं बाहेरच्या देशांतली. बापाची बदली झाली की मूल जातं. ज्याला तुम्ही डाव्या पायानं मारायला शिकवलंत तो पुढच्या वर्षी सिंगापूरला नाहीतर मँचेस्टरला. त्याच्या पहिल्या गोलाला टाळ्या दुसराच कुणी वाजवणार. हे चालणार असेल तरच जा. मला विचाराल तर त्यात एक सुखही आहे, पण ते नावाचं नाही.

आता मुख्य गोष्ट, खरं तर हीच आधी लिहायला हवी होती. व्हिजिट व्हिसावर जाऊन काम सुरू करू नका. एक दिवससुद्धा नाही. अमिरातीच्या कायद्यानं तो गुन्हा आहे, दंड आहे, देशाबाहेर काढतात. ‘आल्यावर करू’ म्हणणारा माणूस तुमचा मित्र असला तरी सही त्याच्या हातात नाही, मालकाच्या हातात आहे. सरळ मार्ग असा : आधी तुम्हाला मालकाचं ऑफर लेटर येतं, ते तुम्ही इथं बसून वाचून सही करता, मग मालक तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाकडून कामाचा परवाना काढतो, आणि पुढचा करार त्याच्याशी जुळावा लागतो. त्यात मूळ पगार किती, भत्ते किती हे वेगळं लिहिलेलं बघा, कारण नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर धरतात : पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांची. प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पासपोर्ट मालकानं स्वतःकडं ठेवायचा नसतो. आणि तुमच्या धंद्यातला खास प्रश्न म्हणजे जुलै-ऑगस्ट. त्या उन्हात मुलं मैदानावर येत नाहीत, निम्मी कुटुंबं गावी जातात. त्या दोन महिन्यांचा पगार मिळतो का? तोंडी नको, लेखी विचारा.

दीड लाखाचं तर बोलायलाच नको. अमिरातीत भरतीचा खर्च मालकानं करायचा असा नियम आहे, कामगाराकडून घ्यायचा नाही. इकडं भारतात परराष्ट्र मंत्रालयाकडं नोंदणी असलेला एजंट जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी घेऊ शकतो, पावती देऊन. त्याचा नोंदणी क्रमांक विचारा आणि त्याच मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर तपासा. क्रमांक विचारल्यावर ज्याचा आवाज बदलतो त्याला पुन्हा फोन करू नका. तुम्ही कंसात बारीक अक्षरात लिहिलंय, ‘पैशाची सोय आई करते म्हणते’. आईची सोय म्हणजे काय हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही कळलं. त्या पाटल्या एकदा गुडघ्यासाठी गेल्या होत्या. पुन्हा सराफाकडं जाता कामा नयेत.

ही नोकरी पोकळ निघाली तरी बाहेर जाण्याचा विचार सोडायचं कारण नाही. तुमचं डी लायसन्स देशी पायरीवरचं आहे. पुढचं सी लायसन्स आशियाई महासंघाच्या साखळीतलं. अमिराती, कतार, ओमान हे सगळे त्याच महासंघात, त्यामुळं तो कागद तिकडं ओळखला जातो. विफाच्या, म्हणजे आपल्या राज्याच्या फुटबॉल संघटनेच्या, आणि भारतीय महासंघाच्या सूचनांवर नजर ठेवा, जागा थोड्या असतात आणि लवकर भरतात. युरोपचा महासंघ वेगळा, तिथं आपलं लायसन्स सरळ चालेल असं समजून कुणाला पैसे देऊ नका. इंग्लंडच्या व्हिसाचं कुणी आमिष दाखवलं तर तिथं कोचला खेळाच्या संघटनेची शिफारस लागते आणि ती वरच्या पातळीच्या माणसांसाठी असते, एवढं ध्यानात असू द्या. पोलीस क्लिअरन्स, पदवीचं साक्षांकन ही कामं आत्तापासून सुरू करा. मुलांसोबत काम म्हटलं की चारित्र्याचा दाखला मागतातच. आणि इंग्रजी. मोठं काही नको. ‘ह्याला पास दे, मागं वळून बघ, शाब्बास, परत एकदा’ अशी चाळीस वाक्यं तोंडात बसली पाहिजेत. आरशासमोर म्हणू नका, मुलांसमोर म्हणा. तुमच्या कॅम्पमधली पोरं हसतील, मग तीच बोलायला लागतील.

मधल्या काळासाठी आणखी एक. पाचगणी तुमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या निवासी शाळांत देशोदेशीची मुलं शिकतात, कोचला बहुधा राहायची-जेवायची सोय होते. तिथं दोन वर्षं काढली तर ‘परदेशी मुलांना शिकवायला जमतं का’ याचं उत्तर विमानाचं तिकीट न काढता मिळेल. पुण्या-मुंबईच्या अकादम्या आहेतच. यात कमीपणा वाटत असेल तर तो तालमीतल्या मित्रांच्या डोळ्यांतून बघितल्यामुळं वाटतोय.

पत्नीविषयी तुम्ही लिहिलंय, ‘ती तयार आहे.’ तीन शब्द. कशाला तयार आहे? दोन वर्षं चार वर्षांच्या मुलीला आणि सासू-सासऱ्यांना सांभाळत नाईट ड्युट्या करायला, की नोकरी सोडून तुमच्याबरोबर यायला? कागदावर बघितलं तर महिना ४,००० दिरहम पगारावर, किंवा राहायची जागा असेल तर ३,०००वर, कुटुंबाला नेता येतं. तुम्ही त्यात बसता. पण शेअरिंगच्या खोलीत कुटुंब मावत नाही आणि दुबईतल्या शाळांच्या फिया बघितल्यात तर पगाराचे ते लाखभर रुपये लाख वाटणार नाहीत. आता उलटं बघा. आखातात फुटबॉल कोचपेक्षा नर्सला मागणी कितीतरी जास्त. डेटाफ्लोची कागदपत्रांची पडताळणी, प्रोमेट्रिकची परीक्षा, परवाना, ही वाट केरळच्या हजारो मुलींनी पायाखाली घातलेली आहे. घरातलं परदेशी जायला योग्य माणूस तुम्ही नसून ती असू शकेल, आणि तुम्ही तिच्यामागून जाऊन तिथं सावकाश चांगली अकादमी शोधू शकाल. ही शक्यता पत्रात नाही. घरात कुणी बोललंय का? की ‘जायचं’ म्हटलं की पुरुषानंच, असं न बोलता ठरलंय? तिला जायचं नसेल तर तो विषय तिथंच संपला. पण विचारायला तर हवं.

वडिलांचं बोलणं तुम्हाला टोचलंय. मला ते वेगळं ऐकू आलं. कारखान्यात गळीत हंगामाच्या तारखा सांभाळलेला माणूस आहे. त्याला ‘बघू, होईल’ ही भाषा भीतीदायक वाटते, कारण गुडघ्याच्या वेळीही तुम्ही तेच म्हणाला होतात. त्यांना भविष्याचं स्वप्न सांगू नका. तारीख आणि रक्कम सांगा : अमुक महिन्यापर्यंत ऑफर लेटर आलं नाही तर विषय बंद, महिन्याला एवढे घरी, दोन वर्षांनी परत येऊन निर्णय, तुम्ही लिहिलेल्या तासगावच्या दोन एकर शेतीचं हे असं. कागदावर लिहून द्या. पटलं नाही तरी भांडण कमी होईल.

क्रिकेट, कबड्डी, पोहणं, कुठल्याही खेळातून हाच प्रश्न घेऊन येणाऱ्या बाकीच्या वाचकांनाही यातलं व्हिसाचं आणि पैशाचं तसंच लागू आहे. मागच्या महिन्यात कराडच्या एका मुलीनं मालदीवच्या नोकरीविषयी विचारलं होतं, तिलाही मी एजंटच्या नोंदणीचंच विचारायला सांगितलं. देश बदलला की कायदा बदलतो, तेवढा त्या त्या भारतीय दूतावासाकडून तपासून घ्या.

तर तुम्ही आज संध्याकाळी एजंटला नाही म्हणून कळवा. ‘आल्यावर करू’ म्हणणाऱ्याकडं ऑफर लेटर मागा. सोमवारी कॅम्पमध्ये एक मूल निवडून मोजायला सुरुवात करा, आणि पहिल्या दिवशीचा आकडा मला पाठवा, लाज वाटेल असा असला तरी. माझा सात होता. आणि हे उत्तर पत्नीला वाचून दाखवा. ती काय म्हणाली ते मला तिच्याच शब्दांत कळवा. ‘ती तयार आहे’ एवढंच लिहून आलं तर पत्र परत पाठवीन.